मागची सीट

आमच्या घरी मोटार होती असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी आदर येतो आणि मग शंका. शंकाच बरोबर आहे. ती मोटार आमच्याकडे महिना-दीड महिना चालली आणि आठ महिने क्वार्टरसमोर नुसती उभी राहिली. त्या सगळ्या काळात माझी माय तिच्यात एकदाही बसली नाही. आता माय जाऊनही बरीच वर्षं झाली. रस्त्यात कुठं जुनी काळी मोटार दिसली तर माझी नजर अजून आधी मागच्या काचेकडं जाते, तिथं माय बसलेली असेल म्हणून. वेडेपणा आहे, पण तो काही कुणाला त्रास देत नाही, म्हणून मी तो तसाच ठेवला आहे.

भिलाईत तेव्हा सगळंच नवं होतं. कारखान्याचं एक अंग सुरू झालेलं असायचं आणि दुसऱ्या अंगाचा पाया खणणं चालू असायचं. आम्ही राहायचो त्या सेक्टर सहामधल्या झाडांनाही अजून विटांची कुंपणं होती, आणि सावली हवी असेल तर भिंतीची शोधावी लागे. बाबा कारखान्याच्या आतल्या रेल्वेवर इंजिन चालवायचे. भट्टीतून निघालेलं लाल लोखंड मोठ्या भांड्यांत भरायचं आणि ती भांडी बाबांच्या इंजिनानं ओढून पुढच्या खात्यात न्यायची, असं ते काम. त्याआधी ते रेल्वेत फायरमन होते. म्हणजे उभं आयुष्य रुळांवर. इंजिन चालवायचं परमिट त्यांनी पत्र्याच्या चपट्या डबीत ठेवलेलं असे, वर फोटो, खाली साहेबाची सही. पाहुणा आला की चहाच्या आधी ती डबी बाहेर यायची.

बाबांनी हे काम धरलं तेच मुळी माझ्या आज्याच्या, म्हणजे मायच्या वडिलांच्या, मनाविरुद्ध. आज्याचं गाव साकोलीच्या अलीकडं, हमरस्त्यापासून दोन कोस आत. धानाची शेती, पाण्याची बोडी म्हणजे लहान तळं, चार बैल. जावयानं आपल्या शेजारी शेत करावं असं त्याला वाटे. आम्ही भिलाईला निघालो त्या दिवशी तो बैलगाडीपर्यंतसुद्धा आला नाही. ओसरीतूनच मायला म्हणाला, "कारखान्याच्या भरवशावर चालली न, जाय. पोट भरलं म्हणजे मांडईले ये."

मांडई आमच्याकडची. दिवाळी झाली, भाऊबीज झाली की गावोगाव एकेक दिवस ठरवून भरते. दुकानं लागतात, दंडार म्हणजे नाचगाण्याचा खेळ होतो, नाटक होतं, आणि सासरी गेलेल्या सगळ्या पोरी त्या दिवशी माहेरी येतात. मांडईला न आलेली पोरगी म्हणजे एक तर आजारी नाही तर रुसलेली. माझी माय सलग पाच वर्षं गेली नाही. मामाचं पोस्टकार्ड यायचं, माय ते माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायची, आणि मग पोरीची शाळा, नवऱ्याची शिफ्ट, असं काहीतरी उत्तर लिहायला लावायची. तिला एकच सिद्ध करायचं होतं, की आमचं पोट भरलं आहे. आज्या हट्टी होता, आणि खाण तशी माती. मांडईच्या दिवशी ती घरी अनारसे तळायची आणि स्वतः एकही खायची नाही. दुपारी मधेच म्हणायची, "आता दुकानं लागली असतीन." मला तेव्हा या वाक्याचा फार कंटाळा यायचा.

बाबा मुकाट माणूस, पण त्यांना सगळं कळत होतं. एक ठेकेदार आपलं काम आटोपून मुलुखाला परत चालला होता. त्याची जुनी विलायती मोटार बाबांनी घेतली. कशी घेतली, काय काय विकलं, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मोटार काळी होती, पुढचे दोन दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले. मागची सीट मात्र राजेशाही होती. तपकिरी चामड्याची, रुंद, आत स्प्रिंगा. त्या सीटला तंबाखूचा, उन्हाचा आणि जुन्या पावसाळ्यांचा मिळून एक वास यायचा, आणि मी शाळेतून आले की दप्तरासकट तिच्यावर आडवी व्हायची.

बाबांनी मायला दार उघडून दिलं. शेजारीपाजारी उभे होते. मायनं कुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि पदर खोचून परत घरात निघाली. बाबा म्हणाले, निदान मार्केटपर्यंत तरी चक्कर मारू.

"मी पयल्यांदा बसीन तं गावाले जायासाठीच बसीन," माय म्हणाली. "भाजी आणाले बसून तिचं नवंपण कावून घालवू?"

मोटार आमच्याआधी निदान तीन मालकांना नवी होऊन चुकली होती. पण मायपुढं हे बोलायची कुणाची छाती नव्हती.

ठेकेदाराच्या ड्रायव्हरनं जायच्या आधी पंधरा दिवस मैदानावर बाबांना गाडी शिकवली. विम्याचा एजंट घरी आला, चहा प्याला, चिवडा खाल्ला, कागदावर सह्या घेऊन गेला. परवाना आहे का, असं त्यानं विचारलं तेव्हा बाबांनी ती पत्र्याची डबी काढून दाखवली. त्यानं फोटो पाहिला, सही पाहिली, मान डोलावली. आम्हा कुणाच्याच मनात शंका आली नाही. जो माणूस वितळलेलं लोखंड पाठीशी घेऊन इंजिन हाकतो, त्याला चार चाकांची मोटार हाकायला आणखी कुठला कागद लागणार? अख्ख्या लाइनीत सगळ्यांचं हेच मत होतं. कारखान्याचं परमिट म्हणजे आम्हाला सरकारचं परमिट, कारण आमच्यासाठी सरकार म्हणजे कारखानाच.

दिवाळी आली. मायनं त्या वर्षी अनारसे मोठा डबा भरून केले. नवं लुगडं घडी मोडून, हात फिरवून, परत घडी घालून पेटीत ठेवलं. आज्यासाठी गरम कोट शिवून घेतला होता. मांडईच्या आदल्या दुपारी बाबा म्हणाले, उद्या लांबचा पल्ला आहे, एकदा रसमड्यापर्यंत जाऊन गाडी बघून येतो. मी हट्टानं मागे चढले आणि सीटवर लोळले. माय दारात उभी होती. लवकर या, एवढंच म्हणाली.

गाडी रसमड्यापर्यंत छान गेली. परत येताना ऊन कलतीला आलेलं. एका वळणावर गावाचा कळप रस्ता ओलांडत होता, सगळ्या गाई सावकाश, आपल्याच तालात. मी मागून बाबांची पाठ बघत होते, म्हणून मला ते स्वच्छ दिसलं. बाबांनी ब्रेकवर पाय दाबला. आणि उजवा हात स्टिअरिंगवरून काढून झटकन वर नेला.

इंजिनात शिट्टीची दोरी तिथं असते, डोक्याच्या वर. इतकी वर्षं समोर काही आलं की बाबांचा हात तिथंच गेला होता. शिट्टी मारायची, ब्रेक लावायचा, बाकी रूळ बघून घेतात. वळवणं हा प्रकार त्यांच्या हातांना ठाऊकच नव्हता. त्यांची बोटं मोटारीच्या छताच्या कापडात रुतली आणि कापड टर्रकन फाटलं. गाई बाजूला झाल्या. रस्ता वळला. मोटार नाकासमोर गेली आणि बाभळीवर आदळली.

मी सीटवरून खाली घरंगळले, हनुवटी फुटली. त्याची खूण अजून आहे. बाबांच्या छातीला मुका मार बसला. ते उतरले, मला उचललं, माझे हात-पाय हलवून बघितले, आणि मग बाभळीत शिरलेल्या मोटारीकडं बघून अगदी हळू म्हणाले, "दोरीच नाई राजा याच्यात."

आम्ही एका ट्रकवर बसून घरी आलो. मायनं आधी माझी हनुवटी पुसली, बाबांना हळद-दूध दिलं. मग बांधलेली गाठोडी सोडली. लुगडं पेटीच्या तळाला गेलं, त्याच्यावर आज्याचा कोट. मला वाटलं ती रडेल, आणि रडली असती तर बरं झालं असतं. आगगाडी होती. सकाळी बसलो असतो तर दुपारपर्यंत गावात पोचलो असतो. बाबा तसं म्हणालेही. मायनं मान हलवली. पाच वर्षं थांबून फुटक्या हनुवटीची पोर आणि छाती धरून चालणारा नवरा घेऊन पायी गावात शिरायचं तिच्यानं होईना. मला तिचा राग आला होता. आज तो राग शोधून सापडत नाही.

मग विम्याची वाट बघणं सुरू झालं. मोटार ओढून आणून क्वार्टरसमोर ठेवली होती, तिच्यावर ताडपत्री. अर्ज इंग्रजीत होता, तो भरायला शेजारचे बंगाली बाबू आले. ते कारखान्याच्या ऑफिसात कारकून होते, त्यांना कागदाची नस माहीत होती. अपघात कसा झाला, या रकान्यात गाय आडवी आली एवढंच लिहू, असं ते म्हणाले. आणि परवान्याच्या रकान्यात सध्या काहीच नको, आधी दुर्गला परवान्याच्या कचेरीत जाऊन विचारू.

"खोटं कावून लिवाचं?" बाबा म्हणाले. "परमिट हाये न माह्यापाशी. आन् शिट्टीचंही लिवा. मी शिट्टी माराले हात वर केला, तेही लिवा."

बाबूंनी डोक्याला हात लावला, पण लिहिलं. परमिटचा नंबर, खात्याचं नाव, सगळं सुवाच्य अक्षरात. मी शेजारी बसून बघत होते आणि मला बाबांचा अभिमान वाटत होता. खरं बोलणाऱ्याचं भलं होतं असं आमच्या वाचनमालेत होतं.

महिन्याभरानं तपासनीस आला. त्यानं मोटार पाहिली, छताचं फाटकं कापड पाहिलं आणि हसू दाबलं. मग बाबांची डबी हातात घेऊन कार्ड दोन्ही बाजूंनी उलटंपालटं केलं. त्यानं हिंदीत विचारलं, यात मोटार कुठं लिहिली आहे? बाबा म्हणाले, इंजिन लिहिलं आहे की. तो म्हणाला, हे कागद कारखान्याच्या गेटच्या आत चालतात, बाहेर नाही. बाबा त्याच्याकडं असे बघत राहिले, जणू तो त्यांना सांगत होता की तुम्ही स्वतःही गेटच्या आतच चालता.

तरी उत्तर येईपर्यंत आशा होती. सर्वांत जास्त मायला होती. पोस्टमनची सायकल वाजली की हातातलं पीठ तसंच घेऊन ती दाराशी यायची. विमा मंजूर झाला की मोटार नीट होणार, मोटार नीट झाली की पुढच्या मांडईला जायचं, हा तिचा सरळ हिशेब. उन्हाळ्यात पत्र आलं. बाबूंनी वाचून सांगितलं. वैध परवाना नसल्यामुळं दावा नामंजूर. माय म्हणाली, "बरं." आणि आत जाऊन पोळ्या लाटायला बसली. लाटण्याचा आवाज मात्र नेहमीपेक्षा मोठा होता.

मोटार नीट करणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. तिच्या बॉनेटखाली शेजारच्या कोंबड्या अंडी घालू लागल्या. टाउनशिपच्या ऑफिसातून गाडी हलवायची नोटीस आली. भंगारवाला आला, त्यानं मोटारीला चारी बाजूंनी टिचक्या मारल्या. बाबांनी त्याला विचारलं, नेऊन काय करशील? तो म्हणाला, तोडून विकणार, सगळं भंगार शेवटी तुमच्याच भट्टीत जातं. हे त्यानं बोलायला नको होतं. बाबांनी त्याला तिथूनच परत पाठवलं. त्या दिवशी जेवताना म्हणाले, "तिचं पाणी करून तेबी मीच ओढू का?"

रुआबांध्याला एक धर्मादाय दवाखाना होता. एक म्हातारे डॉक्टर तो चालवायचे. आसपासच्या खेड्यांतली माणसं तिथं यायची, ज्यांच्याकडं कारखान्याच्या दवाखान्याचं कार्ड नव्हतं ती. तिथं खोल विहीर होती, आणि नर्सबाई दिवसभर बादल्या ओढायच्या. आमच्या मोटारीचं ऐकून डॉक्टर स्वतः सायकलवर आले. त्यांनी एवढंच विचारलं, इंजिन जिवंत आहे का? बाबांनी सांगितलं, इंजिनाला काही झालेलं नाही, जे झालं ते माझ्यामुळं झालं. विहिरीवर पंप बसवता येईल, डॉक्टर म्हणाले. बाबांनी मायकडं पाहिलं. देऊन टाकलं की मांडईला मोटारीतून जायची गोष्ट कायमची संपणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"देऊन टाका," माय म्हणाली. "लोकायले पाणी तं भेटीन."

पण मोटार नेणार होते त्या दिवशी पहाटे उठून तिनं मागची सीट धुतली. रिठ्याच्या पाण्यानं, मऊ फडक्यानं, शिवणी-शिवणीतून. मग खोबरेल तेल लावून चामडं चमकवलं. बाहेर उभी राहून, आत वाकून, हे सगळं केलं. एक गुडघासुद्धा सीटवर टेकवला नाही. नऊच्या सुमारास बैलगाडी आली. मोटारीचं मोडकं तोंड उचलून बैलगाडीवर बांधलं आणि बैलांनी ती ओढत नेली. मी मागोमाग सेक्टरच्या टोकापर्यंत धावले. मला मोटारीपेक्षा सीटचं वाईट वाटत होतं, कारण तिच्यावर लोळून मी मायचं गाव कितीतरी वेळा गाठलं होतं.

बाबा आणि त्यांच्या खात्यातले दोन फिटर सुट्टीच्या दिवशी जाऊन इंजिनाला पंप जोडून आले. पहिल्यांदा पाणी वर आलं तेव्हा नर्सबाई हसल्या म्हणे. सीट डॉक्टरांनी व्हरांड्यात ठेवली, खाली विटा लावून, रोग्यांना बसायला. माय हे सगळं ऐकायची, बघायला कधी गेली नाही.

दसरा झाला आणि एका दुपारी दारात मामा उभा. एकटाच. मायच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मामा म्हणाला, आज्याची छाती भरते, खोकला थांबत नाही, गावात कुणीतरी या धर्मादाय दवाखान्याचं सांगितलं म्हणून सकाळच्या गाडीनं आणलं. मायनं विचारलं, मग कुठं आहेत? मामा खाली बघत म्हणाला, "दवाखान्यातच बसले हायेत. घरी चाला म्हनलं तं म्हनतात, पोरीनं बोलावलं नाई."

माय पेटीकडं गेली. तळातून कोट काढला. पायात चप्पल घालायचंही तिला सुचलं नाही, ती मी हातात घेतली. बाबा शिफ्टवर होते. मामा आला त्याच रिक्षात आम्ही तिघं दाटीवाटीनं बसलो. वाटेत माय एकदा स्वतःशीच म्हणाली, "किती वाळले असतीन."

दवाखान्यात गर्दी होती. मागं विहिरीवर आमचं इंजिन धकधक करत होतं, तो आवाज मी कुठंही ओळखला असता. व्हरांड्याच्या टोकाला आज्या बसला होता, अंगावर घोंगडी, हातात काठी. मला आठवत होता त्याच्या निम्मा झाला होता. आणि तो बसला होता आमच्या सीटवर.

माय दोन हात अलीकडंच थबकली. तिनं आधी आज्याकडं पाहिलं, मग सीटकडं. पुढं होऊन पाया पडली आणि त्याच्या खांद्यावर कोट घातला. आज्यानं कोटाची बाही चाचपली. मग काठी सरकवून जागा केली आणि म्हणाला, "बस बाई."

माय उभीच राहिली. मला वाटलं आता ही बसत नाही. मग तिनं पदर सावरला आणि अगदी कडेला टेकली. स्प्रिंगा कुरकुरल्या. ती हळूहळू मागं सरकली आणि पाठ टेकून नीट बसली.

आज्यानं तळहातानं चामडं दाबून बघितलं. "नरम हाये," तो म्हणाला. "मोटारीची दिसते."

"हो बाबा," माय म्हणाली. "आमची हाये. हिच्यातच बसून तुमच्याकडं मांडईले येनार होतो."

आज्यानं विहिरीकडं पाहिलं. पाणी हौदात पडत होतं.

"मंग आली न," तो म्हणाला.

मायनं त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि ती रडली, गेल्या सगळ्या दिवाळ्यांचं एकदम. आतून कंपाउंडरनं आज्याचा नंबर पुकारला, परत एकदा पुकारला. दोघांपैकी कुणीही उठलं नाही. मी मायच्या चपला हातात धरून समोर उभी होते.